मोत्यांच्या माळेला पाणी सोसत नाही

बंगळूरच्या चामराजपेटेत माझ्या आत्याचे जुने बैठे घर आहे. १८९२ मध्ये वसवलेल्या या वस्तीला म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव मिळाले. आत्याच्या घराला अंगण असे उरलेले नाही; पण ओसरीच्या पूर्वेकडील तुळईला टांगलेल्या कुंडीतून हिरव्या मण्यांचे हातभर लांब सर लोंबत असतात. शेजारची कन्नड बाई त्यांना ‘मुत्तिन हारा’ म्हणते, आत्या मोत्यांची माळ म्हणते. रोपवाटिकेत मात्र ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ म्हणून मागावे लागते.

तिच्याकडची अशीच एक कुंडी मी मुंबईला आणली. इतर झाडांबरोबर तिलाही रोज तांब्याभर पाणी घातले. जुलैत मणी पारदर्शक झाले, बोट लागताच फुटू लागले. मला वाटले, पाणी कमी पडतेय; आणखी घातले. शेवटी आत्याला फोन केला.

“अगं, तू तिला बुडवलीस!” ती म्हणाली. “ती कुंडी आता सोड. टोकाकडचे घट्ट मण्यांचे चार सर तेवढे कापून घे.”

त्या चार सरांचीच माझी आजची कुंडी.

ही वनस्पती मूळची दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली. तिथे ती लोंबत नाही, झुडपांच्या आडोशाने जमिनीवर पसरते आणि पेरे मातीला टेकले की तिथे मूळ धरते. मणी म्हणजे तिची पाने. गोल आकारामुळे उन्हावाऱ्याला कमी पृष्ठभाग लागतो, आतले पाणी टिकते. मण्यावरची पुसट रेघ ही जणू खिडकी. तिच्यातून उजेड आत जातो.

म्हणूनच रोप करताना सर मातीत खोल खोचू नका. चार-पाच इंचांचे तुकडे कापून एक दिवस सावलीत सुकू द्या, म्हणजे कापलेली जागा भरून येते. बागेची माती, जाडी वाळू आणि विटांचे बारीक तुकडे समप्रमाणात घेऊन उथळ कुंडी भरा. तळाला भोक हवेच. तुकडे मातीवर आडवे ठेवून केसांच्या आकड्यांनी दाबून धरा. माती अगदी सुकू न देता दोन-तीन दिवसांनी पाणी शिंपडा. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. हलके ओढून पाहा, सर हाती आला नाही तर काम झाले!

पुढे मणी किंचित सुरकुतले की मगच पाणी द्या. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच, हवा मवाळ. तिथे हे सहज जमते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर कुंडी छपराखालीच हवी. पण फार उंच, स्लॅबला चिकटून टांगू नका. सर उजेडात आणि माथा अंधारात राहिला की कुंडी वरून टकली होते. सकाळचे कोवळे ऊन माथ्यावर पडले पाहिजे. पांढरे कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून घ्या.

आणि घरात रांगते मूल असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागू देऊ नका. मणी हुबेहूब मटारसारखे दिसतात, पण ते विषारी आहेत. खाल्ल्यास उलट्या होतात. मांजर-कुत्र्यांनाही ते बाधतात.

आत्या दरवर्षी पावसाआधी काही तुकडे एका पसरट वाडग्यात लावून शेजारणीकडे ठेवते. बंगळुरात सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जोराचा. मागे एकदा त्याच दिवसांत आत्या महिनाभर आमच्याकडे मुंबईला राहिली होती. परत गेली तेव्हा ओसरीवरची कुंडी पागोळ्यांनी कुजून गेलेली होती. संध्याकाळी शेजारीण वाडगा घेऊन आली. त्यात सात सर होते. तीन तिने स्वतःकडे ठेवले, चार आत्याला दिले.