सातबाऱ्यावर तिचं नाव

खुरपणी तिची, कांदालागण तिची, गुरांचं वैरणपाणी तिचंच. सातबाऱ्यावर नाव मात्र मालकांचं! मग सोसायटीचं पीककर्ज तिला कुठून मिळणार? १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला चांदवडला लाखांवर बायका जमल्या. पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि कित्येक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. उपकार नव्हे हं, देणंच ते!

मैत्रिणींनो, घरचा उतारा एकदा मागून पाहाच. सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पिकं. ‘तुझंच आहे गं सगळं’ हे तोंडी ठीक. फेरफार झाल्याशिवाय नाव चढत नाही. आणि चढलंच तर कुठे, तेही बघा. ‘इतर हक्कां’च्या रकान्यातलं नाव म्हणजे मालकी नव्हे.