यूव्ही लावला, ठिपके गेले, आणि मग मासा गेला

मागच्या भागात मी मोठ्या उत्साहात सांगितलं होतं की रीफ टँकमध्ये यूव्ही स्टरिलायझर लावलाय आणि तीन दिवसांत माशांवरचे पांढरे ठिपके गायब झालेत. तुमच्यापैकी काहींनी लगेच कुठला घेतला, केवढ्याला घेतला, असंही विचारलं. थांबा, घेऊ नका. आधी पुढचं ऐका.

ठिपके परत आले. बारा दिवसांनी, आणि या वेळी मीठ भुरभुरल्यासारखे. पावडर ब्लू टँग दोन दिवस दगडाआड जोरजोरात श्वास घेत राहिला आणि तिसऱ्या सकाळी गेला. (चार फुटी टाकीत टँग ठेवूच नये, हे मला आता कमेंटमध्ये सांगू नका. कबूल आहे.) दोन क्लाउनफिश तेवढे वाचले, पण यूव्हीमुळे नाही.

यूव्ही आणला तेव्हा आई म्हणाली होती, “अरे, मासा आजारी आणि ट्यूबलाइट पाण्याला दाखवतोस?” मी हसलो होतो. आता वाटतं, अख्ख्या घरात तिलाच प्रॉब्लेम स्टेटमेंट कळलं होतं.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. प्लास्टिकच्या नळकांड्यात एक दिवा असतो. त्यातून निघणारा यूव्ही-सी प्रकाश साधारण २५४ नॅनोमीटरचा. दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी असते, कारण साधी काच हा प्रकाश अडवते. पंप त्या नळीभोवतीच्या फटीतून पाणी ढकलतो. पाण्यातून जाणाऱ्या जिवाच्या डीएनएमध्ये नको तिथे जोड तयार होतात, आणि मग त्याला आपली कॉपी काढता येत नाही. तो जागच्या जागी जळतो वगैरे काही नाही, त्याचा वंश थांबतो.

किती मारा बसला हे दोनच गोष्टींवर ठरतं: प्रकाशाची तीव्रता आणि पाणी त्याच्यासमोर किती वेळ होतं. पंपाचा वेग दुप्पट केला की वेळ निम्मा, म्हणजे डोसही निम्मा. पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळाला थोडा डोस पुरतो, परजीवीला त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून चांगल्या यंत्राच्या माहितीपत्रकात दोन वेग दिलेले असतात, शेवाळासाठी एक आणि परजीवीसाठी त्याहून बराच कमी. माझ्या ९ वॉटच्या यंत्राच्या खोक्यावर एकच आकडा होता, “कमाल ८०० लिटर ताशी”. मी तोच लावला. इंजिनिअर ना, थ्रूपुट दिसला की डोळे चमकतात.

गणितही मस्त बसत होतं. टाकी ४०० लिटरची, म्हणजे अर्ध्या तासात टाकीभर पाणी यंत्रातून जाणार. पण साफ झालेलं पाणी परत त्याच टाकीत मिसळतं, त्यामुळे अर्ध्या तासात ६३ टक्के पाणीच एकदा तरी दिव्यासमोरून गेलेलं असतं. तासाभरात ८६ टक्के. म्हटलं, रात्रभरात काम तमाम!

फक्त त्या पाण्याला पुरेसा डोस मिळत नव्हता. वेग २५० वर आणला तर डोस सुधारतो, पण मग त्याच ६३ टक्क्यांना दीड तासाहून जास्त लागतो. छोट्या दिव्याकडून दोन्ही होत नाही. मोठा दिवाच हवा.

आणि मोठा दिवा असता तरी टँग वाचला असता का? मला नाही वाटत. या रोगाचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, माशावर असतो तेव्हा कातडीच्या आत शिरून बसलेला असतो. तिथे यूव्ही पोचत नाही. तीन ते सात दिवसांनी पोट भरलं की तो स्वतःच मासा सोडतो. माझे ठिपके “गायब” झाले ते असे. मी स्टेटस टाकून नाचत होतो तेव्हा ते वाळूत, दगडांवर चिकटून कोश बांधत होते. तिथेही यूव्हीचा काही संबंध नाही. मग एकेका कोशातून शेकडो पोहणारी पिल्लं निघतात, तीही मुख्यतः अंधारात, मासे त्याच दगडांच्या कपारीत झोपलेले असताना. दिव्यापर्यंत पोचतं ते फक्त त्या वेळी सुटं पोहणारं पिल्लू, आणि त्याला मासा वीतभर अंतरावर सापडतो. सम्पमधल्या यंत्रापर्यंत ते कशाला येईल?

क्लाउनफिश मी वेगळ्या टाकीत काढून तांब्याचं औषध दिलं, रोज किटने मोजून. मुख्य टाकीत तांबं टाकता येत नाही, कोळंबी आणि सॉफ्ट कोरल मरतात. (हार्ड कोरल माझ्याकडे नाहीत. आपल्याकडे ते वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट एकमध्ये आहेत, दुकानदार काहीही सांगो.) मुख्य टाकी आता माशांविना आहे, ७६ दिवस तशीच ठेवायची, कारण काही कोश दोन महिन्यांहून जास्त तग धरतात. आज एकेचाळिसावा दिवस. नवीन मासा थेट टाकीत सोडला नसता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

मग यंत्र विकून टाकलं का? नाही. पाणी हिरवं किंवा दुधाळ झालं तर ते झकास काम करतं. डायनोफ्लॅजेलेट्सपैकी ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात सुटतात, त्यांच्यावरही चालतं. वाळूतच राहणाऱ्या अँफिडिनियमवर फारसं नाही. दगडावरच्या केसाळ शेवाळाला तर ढिम्म काही होत नाही. नायट्रोजन चक्राचे जिवाणू दगडांवर बसलेले असतात, म्हणून ते सुरक्षित. तरंगणारे कोपेपॉड मात्र थोडे जातात.

दोन गोष्टी राहिल्या. दिवा निळा दिसतोय म्हणजे चालतोय असं नाही. यूव्ही आधी ओसरतो, निळा उजेड राहतो. नऊ ते बारा महिन्यांत दिवा बदला, आणि क्वार्ट्झवर चढलेला कॅल्शियमचा थर मधूनमधून व्हिनेगरने काढा. आणि उघडताना प्लग काढूनच उघडा. पेटलेल्या दिव्याकडे एक क्षणही बघायचं नाही, डोळे भाजतात.

पस्तीस दिवस उरलेत. आई रोज रिकाम्या टाकीसमोर चहा पिते आणि विचारते, “बिल येतंय ना याचं अजून?”