करंगळीएवढी धार

"दादा, आज येऊ नका. करंगळीएवढी धार हाय."

येडशीचा मावसभाऊ सकाळी सातला फोनवर एवढंच सांगतो आणि आमचा बेत आठवडाभर पुढे जातो. तोवर बायकोच्या दशम्या झालेल्या असतात, ठेचा कुटलेला असतो. मग त्या दशम्या मी दुकानात, खताच्या पोत्यांना टेकून खातो. गेल्या पावसाळ्यात असं तीनदा झालं.

बालाघाटावरच्या आमच्या वाशीहून एका दिवसात धबधबा बघून यायचा, तर वाटा दोनच. उत्तरेला मांजरसुंब्याजवळचं कपिलधार. मन्मथस्वामींचं समाधिस्थान, देवस्थान मोठं, माणूस कायम. जाताना सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचा पेढा मिळतो, त्यामुळे मुलीचं मत दरवर्षी तिकडेच पडतं. दुसरी वाट दक्षिणेला, तेरखेडा आणि येरमाळा ओलांडून येडशीचं रामलिंग. पाटोद्याकडच्या सौताड्याची धार या दोन्हींपेक्षा उंच आहे, पण ते लांब पडतं आणि आईचे गुडघे गाडीत फार वेळ दुमडून बसत नाहीत. आई सहासष्ट वर्षांची. आमच्या घरात "सोपं चालणं" म्हणजे आईला सोपं. रामलिंगला पायऱ्या उतराव्या लागतात खऱ्या, पण मध्ये टेकायला जागा आहे, खाली देऊळ आहे आणि धार देवळाच्या मागेच. ज्यांना पुढे ओढ्याकाठानं रानात शिरायचं त्यांनी शिरावं, बाकीच्यांनी नंदीजवळ बसावं. म्हणून रामलिंग.

ठिकाण ठरायला पाच मिनिटं लागतात. दिवस ठरायला महिना.

कोकणात, घाटमाथ्यावर धबधबा जूनमध्ये सुरू झाला की दिवाळीपर्यंत चालूच असतो. तिथल्या माणसाला फक्त रविवार मोकळा लागतो. आमचा बालाघाट म्हणजे सपाट माथ्याचा, कडेला तुटलेला काळा खडक. या डोंगराच्या एका अंगाचं पाणी मांजरा-तेरणेतून गोदावरीला जातं, दुसऱ्या अंगाचं सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. म्हणजे आम्ही राहतो ते पाणलोटाच्या पाठकण्यावर. इथल्या धारेच्या मागे लांबलचक नदी नसते. असते ती माथ्यावरची थोडी रानं आणि दोन-चार ओहोळ. दोन दिवस दणकून पाऊस झाला की धार फुगते आणि चार दिवस उघडीप मिळाली की दोरीसारखी बारीक होते. जुलैतल्या एका रविवारी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून आम्ही निघालो होतो. व्हिडिओ मागच्या सोमवारचा होता. तिथे ओला खडक होता आणि त्यापुढे उभं राहून फोटो काढणारी शंभरेक माणसं होती.

तेव्हापासून मी पावसाचा हिशेब ठेवतो. माझं बियाण्याचं दुकान आहे, त्यामुळे बातमी आपणहून काउंटरवर येते. खुरपणी अडली म्हणणारा शेतकरी आला, की त्याला विचारायचं, किती दिवस वापसा नाही? एक दिवस म्हणाला तर नुसती जमीन भिजलीय. चार दिवस म्हणाला तर जमिनीचं पोट भरलंय आणि आता पडेल ते पाणी ओढ्यात उतरणार. मृग आणि आर्द्रा या कामाला उपयोगाचे नाहीत. पहिल्या पावसाचं सगळं पाणी उन्हाळ्याच्या भेगाच पिऊन टाकतात. तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू, तोही बेभरवशाचा. म्हाताऱ्या पावसाला, पुष्य लागला की, खरी चाहूल लागते. श्रावण त्याच सुमारास येतो आणि श्रावणी सोमवारी रामलिंगच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. मधला वार बघावा, सकाळचा. संध्याकाळचा नको, त्याचं कारण पुढे येईल.

आमच्यासाठी धार मोजतो तो मावसभाऊ. त्याची मापं तीन: करंगळी, मनगट, मांडी. करंगळी म्हणजे येऊ नका. मनगट म्हणजे या. मांडी म्हणजेही येऊ नका, फक्त आवाज वेगळा लागतो.

या वर्षी मंगळवारी मनगट निघालं.

पिशवी आदल्या रात्री मीच भरतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या तीन बाटल्या, आईच्या गोळ्या, टॉवेल आणि वेताची काठी. खाणं झाकणाच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवीची चेन लावलेली. रामलिंगच्या माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. गुळगुळीत तळव्याचे बूट मी घरी ठेवायला लावतो. मुलीचे पांढरे बूट दिसायला छान होते. त्यावरून अर्धा तास गेला.

काठी मात्र लागतेच. ओढ्यातल्या खडकाला तीन रंग असतात. राखाडी, कोरडा, खरखरीत दगड पाय धरून ठेवतो. हिरवा दिसतो तो घसरवणार हे लहान पोरालाही कळतं, म्हणून त्यावर सहसा कुणी पडत नाही. पाडतो तो तिसरा: काळा, ओला, तेल लावल्यासारखा तकतकीत. त्याच्यावर शेवाळाचा सायीइतका पातळ थर असतो की नजरेला खडकच दिसतो. काठीचं टोक टेकवून जरा दाबायचं. टोक सरकलं तर आपलाही पाय सरकणार. मी ही अक्कल ढोपर फुटल्यावर शिकलो.

येडशीच्या जंगलाला 1997 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. चिंकारा, मोर, ससे. उन्हाळ्यात इथून जाणाऱ्याला याला जंगल म्हणावंसं वाटणार नाही, सगळी काड्यांची झाडं. डिसेंबर 2024 मध्ये याच रानात लावलेल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघून, शेकडो किलोमीटर चालून, उसाच्या आणि तुरीच्या रानांतून वाट काढत तो इथवर पोचला होता. पकडायला ताडोबाचं पथक आलं, महिने गेले, वाघ हाती लागला नाही. तेव्हापासून आमच्या बेतात आणखी एक ओळ वाढली: उजाडल्यावर निघायचं, ऊन कलायच्या आत रानाबाहेर, आणि ओढ्याकाठी एकट्यानं पुढे जायचं नाही. ज्यानं एवढी मजल मारली त्याला पर्यटन कशाला म्हणतात ते आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं बायकोचं म्हणणं.

पायऱ्या उतरताना आई नेहमीची गोष्ट सांगते. सीतेला सोडवताना जखमी झालेला जटायू इथे पडला, तहानेला झाला, रामानं बाण मारून पाणी काढलं, ती ही धार. देवळाजवळ जटायूची समाधी दाखवतात. त्या गोष्टीनंतर तिची दुसरी गोष्ट, रेल्वेची. 1897 मध्ये बार्शीला आलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे पुढे येडशीवरून 1911 पर्यंत लातूरला पोचली. आई लहानपणी त्या गाडीत बसली होती. घाट चढताना गाडी इतकी दमायची की डब्यातले बाप्ये खाली उतरून शेजारून चालायचे, असं ती सांगते. मुलगी म्हणते, आज्जी, तेच खरं ट्रेकिंग.

खाली ओढा देवळाला वळसा घालून जात होता, गुडघ्याखालीच, तळाचे दगड दिसत होते. धार मनगटाएवढी नव्हती, दोन मनगटं होती. आई नंदीजवळ बसली. आम्ही तिघं काठाकाठानं धारेपर्यंत गेलो. तुषार अंगावर येत होते आणि मुलगी काही बोलत नव्हती, हे आमच्या घरात क्वचित होतं.

मी मात्र पाण्याकडं बघत होतो. 2025 च्या सप्टेंबरात परंड्याकडं पुरातून माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, तेव्हापासून वाहत्या पाण्यासमोर मी निवांत बसू शकत नाही. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण माथ्याकडं, येरमाळ्याच्या अंगाला, आभाळ काळं झालं होतं. एवढ्याशा पाणलोटात वरचा पाऊस खाली यायला वेळ लागत नाही. पंधरा मिनिटं झाली असतील. तळाचा एक पिवळसर दगड मी मघापासून धरून ठेवला होता. तो दिसेनासा झाला. पाणी वाढलं नव्हतं, फक्त चहात दूध पडावं तसं गढूळलं होतं. त्यावरून एक काडी गेली, मग पाचोळ्याचा गुंता, मग कुणाच्या तरी बांधावरचं उपटलेलं गवत.

"चला."

"बाबा, आत्ता तर आलो!"

"चला म्हणतो ना."

बायकोनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मुलीचा हात धरला. काही तरुण पोरं धारेखाली होती. त्यांना हाका मारल्या. दोघं आली, बाकीच्यांनी हात हलवला. देवळातल्या माणसानं जाऊन शिव्या घातल्या तेव्हा तीही आली. आम्ही अर्ध्या पायऱ्या चढलो तोवर खालच्या आवाजाचा सूर बदलला होता. आईनं मध्येच थांबून गुडघे चोळले आणि म्हणाली, चांगलं झालं, मला चढायला वेळ लागतो.

दशम्या येरमाळ्याच्या पुढे, गाडीत बसून, काचेवर पाऊस आपटत असताना खाल्ल्या. चेन लावलेल्या पिशवीला रामलिंगच्या एका माकडानं भोक पाडलंच होतं. चटणी गेली.

संध्याकाळी दुकानात फोन आला.

"दादा, पोचलात ना? आता बघायला पाह्यजे होती. मांडी कसली, म्हशीएवढी धार हाय."