स्वयंसेवा, वेठ आणि विज्ञानाचा शिक्षक

गेल्या उन्हाळ्यात गावी, पाटसला गेलो असताना माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती बी.एस्सी., बी.एड. आहे आणि एका विनाअनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. आफ्रिकेतील एखाद्या माध्यमिक शाळेत दोन वर्षे स्वयंसेवक शिक्षिका म्हणून जावे, असे तिने मनात घेतले होते. सोबत तिची आई होती. आईने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “सर, पगार न्हाई म्हणता, मग जायचं कशापायी? फुकाट राबणं आपल्या मागनं अजून सुटलं न्हाई का?”

मुलीला आईचा राग आला. मला वाटले, मुलीने अर्जाची माहिती विचारली, पण खरा प्रश्न आईने विचारला. आपल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांपुढे तो आता वारंवार येणार आहे. म्हणून दोघींनाही द्यावयाचे उत्तर येथे मांडतो.

प्रथम ही प्रथा काय आहे ते पाहू. 1958 साली ब्रिटनमध्ये ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था निघाली. 1961 साली अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ उभी केली. 1965 साली जपानने आपली स्वयंसेवक योजना सुरू केली. आफ्रिकेतील देश त्याच सुमारास स्वतंत्र होत होते. घाना 1957 साली, टांगानिका 1961 साली, झांबिया 1964 साली. झांबिया स्वतंत्र झाला तेव्हा त्या देशात पदवीधरांची संख्या शंभराच्या आसपास होती. साम्राज्याने खाणी खणल्या, पण शिक्षक घडविले नाहीत. नव्या सरकारांनी माध्यमिक शाळा झपाट्याने उघडल्या आणि गणित-विज्ञानाला मास्तर मिळेना. ती जागा परदेशी स्वयंसेवकांनी भरली. पीस कोअरचे तरुण 1961 ते 1976 या काळात भारतातही येत होते.

परंतु ‘परदेशी’ म्हणजे गोराच, असे समजण्याचे कारण नाही. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या माध्यमिक शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. त्यांत केरळचे बरेच. 1960 नंतर भूतानच्या नव्या शाळाही भारतीय शिक्षकांच्या आधारावर चालल्या. मात्र हे लोक कराराने, पगारावर गेले होते. त्यांना कोणी स्वयंसेवक म्हटले नाही. एकच खडू, एकच फळा. पण पोटासाठी गेला तो नोकर आणि भरल्या घरातून गेला तो सेवक! नावातला हा भेद आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. फुकट राबणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शब्दकोशात पाहावे लागत नाही. 1874 च्या वतन कायद्याने महारांची सेवा वंशपरंपरेने बांधली गेली. सरकारी कागद पोहोचविणे, सारा वाहणे, आल्यागेल्या अधिकाऱ्याच्या मागे धावणे, रात्री-बेरात्री हाक आली की उठणे. आणि बदल्यात जमिनीचा तुकडा व दारोदारचे बलुते. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक आणले. ही वतने कायद्याने नष्ट होण्यास मात्र 1958 साल उजाडावे लागले. तेव्हा ‘सेवा’ हा शब्द काहींच्या घरात पुण्याचा असेल, आपल्या घरात तो वेठीचा आहे. त्या माउलीच्या तोंडून ही आठवणच बोलत होती.

आणि वेठ संपली असे तरी कोठे आहे? महाराष्ट्रात विनाअनुदानित शाळांतील अनेक शिक्षकांनी अनुदानाच्या आशेवर वर्षानुवर्षे बिनपगारी शिकविले. त्यांना कोणी स्वयंसेवक म्हणून गौरविले नाही.

म्हणून भेद नेमका करावयास हवा. ज्या कामाला ‘नाही’ म्हणता येत नाही ती वेठ. जे काम आपण निवडतो, ज्याची मुदत ठरलेली असते आणि जे सोडून परत येता येते ती स्वयंसेवा. बऱ्या संस्था स्वयंसेवकाला उपाशी ठेवत नाहीत. जाण्या-येण्याचे भाडे, राहण्याची जागा, आजारपणाचा विमा आणि तेथील राहणीला पुरेल इतका भत्ता त्या देतात. पीस कोअर फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेचे दार भारतीयांनाही उघडे आहे. याउलट, स्वयंसेवकाकडूनच हजारो रुपये घेऊन त्याला चार आठवडे एखाद्या शाळेत मिरवून आणणारे धंदेही निघाले आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ती सहल आहे, आणि तिचा खर्च तिथल्या मुलांच्या अभ्यासातून निघतो.

पैशाचे झाले. आता प्रत्यक्ष कामाचे. मी पाटसला शाळेत असताना आमच्या वर्गात एकदा पाणी उकळून तापमापी बुडविली होती. पारा 98 च्या आसपास थांबला. मी वहीत 98 लिहिले. गुरुजींनी ते खोडले व 100 लिहावयास लावले, कारण पुस्तकात 100 होते. माझे डोळे चुकले, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. महाविद्यालयात गेल्यावर कळले की 100 हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. पाटस समुद्रसपाटीपासून 500 मीटरहून अधिक उंच आहे. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी आधी उकळते. पारा बरोबर होता, मीही बरोबर होतो. गंमत अशी की गावाजवळच्या साखर कारखान्यात हाच नियम रोज राबतो. साखर करपू नये म्हणून बंद भांड्यातील हवा खेचून रसाचा पाक 60-70 अंशांवरच उकळतात. ज्या नियमावर पंचक्रोशीचा ऊस गाळला जातो, तो नियम ऊसतोड्याच्या पोराच्या वहीतून मात्र खोडला गेला.

उद्या ही मुलगी अदिस अबाबाला गेली, तर 2300 मीटरहून उंच असलेल्या त्या शहरात पाणी 92 अंशांच्या आसपास उकळेल. तिथल्या मुलाच्या वहीत तिने 92 राहू दिले आणि ‘का?’ हा प्रश्न फळ्यावर लिहिला, तर तिचे जाणे सार्थकी लागले. पोथीपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकविणे, हेच विज्ञानाच्या शिक्षकाचे काम आहे. आपल्या चळवळीचेही ते काम आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. टांझानियात मूल प्राथमिक शाळेत स्वाहिलीत शिकते आणि माध्यमिक शाळेत गेल्याबरोबर विज्ञान इंग्रजीत सुरू होते. हे दुखणे आपल्या ओळखीचे आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेले आपले पोर अकरावी शास्त्र शाखेत जाऊन बसते, तेव्हा ‘त्वरण’ जाणणारा मुलगा ‘ॲक्सिलरेशन’ ऐकून मान खाली घालतो आणि मास्तर त्याला ढ ठरवितो. 1974 साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात आणि पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले. पुस्तकाची भाषा सोपी केली, प्रयोग हाती दिले, प्रश्न विचारू दिले, तेव्हा ही मुले पुढे सरकली. अडसर बुद्धीचा नव्हता. हा अनुभव जिने स्वतःच्या अंगावर घेतला आहे, ती टांझानियाच्या मुलापुढे उपकारकर्ती म्हणून उभी राहणार नाही.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मागणी केली होती की शिक्षक शेतकरी-कष्टकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील. ही कसोटी परदेशी जाणाऱ्या शिक्षकालाही लागू आहे. जो वरून येतो तो दान देतो. जो शेजारी बसतो तो शिकवितो.

म्हणून सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. बोलावणे शाळेचे आहे की केवळ पाठविणाऱ्या संस्थेचे? आपल्यामुळे तिथल्या एखाद्या स्थानिक शिक्षकाची नोकरी जाते आहे काय? मुदतीनंतर वर्ग कोण सांभाळणार, आणि त्या माणसाला आपण बरोबर घेऊन काम करणार आहोत काय? आणि परत आल्यावर इथली आपली जागा राहील काय? तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेला शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच मिळेल. तो धोका तिने जाणून पत्करावा. कोणी त्याला त्याग म्हणून गोंजारू नये.

1913 साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकण्यासाठी समुद्रापार गेले. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी पाटसची एक मुलगी शिकविण्यासाठी जाऊ म्हणते. मी तिला जा म्हटले. मात्र परत येऊन इथल्या शाळेतही एक तापमापी बुडव, तिथेही कोणाचे 98 अजून खोडले जात असेल, असेही सांगितले.

आईला मी वेठ आणि स्वयंसेवा यांतला भेद समजावून सांगितला. तिने तो मान्य केला की नाही, कळले नाही. उठताना मुलीला एवढेच म्हणाली, “जायचं तर जा. पर येण्याचं तिकीट आदी हातात पडू दे.”

तिची ही अट मी वरच्या चार प्रश्नांच्याही आधी ठेवतो.