मस्जिद स्टेशनची ‘मशीद’ कोणाची?

जळगाव-चाळीसगावकडून सीएसएमटीला येणारी गाडी शेवटी मस्जिद स्टेशन ओलांडते. हे नाव एखाद्या मुस्लिम प्रार्थनास्थळावरून पडले असेल, असे आपण खानदेशी प्रवासी गृहीत धरतो. पण ते मराठी ज्यूंच्या सिनेगॉगवरून आले, असे सांगितले जाते. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत. मांडवीतली जुनी ज्यू वस्ती मी वाटाड्यासोबत पायी पाहिली, ती या शब्दाचा माग काढत.

स्टेशनच्या पश्चिमेला सॅम्युअल स्ट्रीट आहे. सॅम्युअल इझिकेल, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, हे कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. आख्यायिका अशी, की ‘बेने इस्रायल’ हे कुराणातले नाव ऐकून टिपूच्या आईने त्यांना जीवदान देवविले. आजची इमारत १८६०ची. तिचे नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार; लोकांच्या तोंडी मात्र ‘जुनी मशीद’. शेजारच्या गल्लीला आजही इस्रायल मोहल्ला म्हणतात.

आत मूर्ती नाही. तोराच्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवतात ते ‘हेखाल’, मध्ये प्रार्थना चालवणाऱ्याचा लाकडी चौथरा आणि वर स्त्रियांचा सज्जा. पुरुषांनी डोके झाकूनच आत जायचे.

हे लोक मुंबईत आले ते कोकणातून. दिवे गावचे दिवेकर, किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर. कोकणात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शब्बाथच्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. धर्माचे नाव ठाऊक नसताना शेजाऱ्यांनी त्यांना सुट्टीच्या वारावरून ओळखले. घाण्याशी जुने नाते असलेल्या खानदेशाला हे नाव परके वाटू नये.

भाषेचे नाते तर त्याहून घट्ट. इजिप्तमधून झालेल्या सुटकेची कथा सांगणारा ‘हगादा’ १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. त्यातल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८०च्या सुमारास या समाजात कीर्तनेही होऊ लागली. पद्धत आपली, आख्यान बायबलमधल्या पूर्वजांचे.

मग वस्ती ओस का पडली? १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. राहिलेल्यांपैकी अनेकजण उपनगरांत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात जेमतेम अडीच हजार ज्यू उरले. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. भिंती रंगवता येतात, पण हे दहाजण बाहेरून आणता येत नाहीत. ज्यू नसलेले पाहुणे कितीही आले तरी ते त्या दहांत धरले जात नाहीत.

आपल्या हाती आहे ते मराठीचे. हे हगादे, ही कीर्तने आपण अजून ‘त्यांचे’ धार्मिक साहित्य म्हणून बाजूला ठेवतो. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना क्वचितच जागा मिळते. ती देण्यासाठी दहा माणसांचीही गरज नाही. एका अभ्यासकाने सुरुवात केली तरी पुरे.