थेंबाथेंबाचा हिशेब

गेल्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात एका आजोबांना सलाइन लावले होते. घरी लवकर जाता यावे म्हणून सोबतच्या नातवाने नळीवरचे चाक सैल केले. सिस्टरच्या वेळीच लक्षात आले म्हणून बरे! "बाटली तीच, औषध तेच. मग लवकर गेले तर बिघडले कुठे, डॉक्टर?" नातवाने मला विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर औषध-संशोधनाच्या प्रयोगशाळेत मिळते.

तिथे पेरिस्टाल्टिक पंप नावाचे यंत्र असते. आपण गिळलेला घास अन्ननलिका मागून आवळत पुढे ढकलते. या हालचालीला पेरिस्टाल्सिस म्हणतात. पंपही तेच करतो. फिरणारे रूळ लवचीक नळीला दाबत जातात आणि आतला द्रव पुढे सरकतो. द्रव फक्त नळीलाच लागतो, यंत्राच्या इतर भागांना नाही. नळीचे भोक आणि रुळांचा वेग ठरला की मिनिटाला किती मिलिलिटर द्रव जाणार, हेही ठरते.

ऑस्कर लँगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली प्राण्याचे हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्याची पद्धत मांडली. महाधमनीतून पोषक द्रव सोडला की हृदय काही तास चालते. औषधांची परीक्षा आजही या पद्धतीने होते. पंपाने ठरावीक द्रव सोडायचा, त्यात औषध मिसळायचे आणि दाब पाहायचा. प्रवाह तेवढाच असताना दाब वाढला, तर हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसल्या. उतरला, तर त्या रुंदावल्या असे समजते.

पण प्रवाहच कमीजास्त झाला तर? दोष पंपाचा आणि खापर औषधावर! सतत दाबली जाणारी नळी हळूहळू सैलावते. म्हणून संशोधक मोजपात्र आणि घड्याळ घेऊन प्रवाह पुन्हा पुन्हा तपासतात.

औषधाचा परिणाम मात्रेइतकाच वेगावरही अवलंबून असतो. पोटॅशियमचे इंजेक्शन सलाइनमधून सावकाश दिले तर उपकारक, भरभर गेले तर हृदय बंद पाडू शकते. हृदय कमजोर असलेल्या वृद्धाला नुसते सलाइनही वेगाने गेले, तर फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते.

म्हणून वाचकहो, सलाइनच्या चाकाला स्वतः हात लावू नका. थेंब थांबले, वेग बदललासा वाटला, हात सुजला किंवा रुग्णाला धाप लागली, तर लगेच सिस्टरला हाक मारा. बाटली लवकर संपली म्हणजे आजार लवकर संपला, असे होत नाही.