जवस, मिरची आणि मिक्सरचं पातं

भंडारा जिल्ह्यात भात कापण्याआधीच उभ्या पिकात जवस आणि लाखोळी फेकून पेरतात. ही उतेरा पद्धत जुनी आहे. भात निघाल्यावर मातीत उरलेल्या ओलीवर ही पिकं वाढतात. गोसीखुर्दच्या आसपासच्या, वैनगंगेकाठच्या गावांतला हा जवस पुढे चटणी होऊन ताटात येतो. पूर्वी खलबत्त्यातून, आता बहुतेक मिक्सरमधून. आणि मिक्सरमध्ये तो अनेकदा गोळा होऊन पात्याला चिकटतो.

जवसाच्या दाण्यात साधारण 40 टक्के तेल असतं. मिक्सरचं पातं मिनिटाला अठरा हजार फेरे मारत असेल आणि त्याची लांबी आठ सेंटीमीटर असेल, तर त्याचं टोक ताशी 270 किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतं. या माऱ्याने दाणा फुटतो, त्याबरोबर उष्णताही तयार होते. तेल पातळ होऊन बाहेर येतं आणि भुकटीचे कण एकमेकांना धरून बसतात. म्हणून जवस खमंग भाजावा, पूर्ण गार होऊ द्यावा आणि मिक्सर सलग न चालवता दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी फिरवावा. प्रत्येक थांब्यात वर उडालेले दाणे पुन्हा पात्यापाशी येतात, भांडंही तापत नाही. एकदा दळलेल्या जवसाचं तेल हवेशी लवकर संयोग पावतं, त्याला खवट वास येतो. चटणी थोडी थोडी करणंच बरं.

मिरचीचं गणित वेगळं. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. अशी चांगली मिरची ओलसर असताना मिक्सरमध्ये घातली, तर तिची साल चामड्यासारखी वाकते, तुटत नाही. कडक उन्हात कुरकुरीत झाली की तीच साल काचेसारखी फुटते. भांडं मात्र निम्म्याहून जास्त भरू नये. मिरचीचा लाल रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं उष्णतेने आणि उजेडाने कमी होतात, म्हणून इथेही झटके छोटेच हवेत. कारखान्यांत काही मसाले उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनने गारठवून दळतात, तेही सुगंधी तेलं उडू नयेत यासाठी. दळून झाल्यावर झाकण लगेच उघडू नये. तरंगणारी पूड खाली बसायला मिनिटभर द्यावं, नाहीतर घरभर ठसका.

ओल्या वाटणात पाण्याने खेळ ठरतो. पाणी फार कमी असेल तर पात्याभोवती हवेची पोकळी होते आणि पातं रिकामं गरगरतं. फार जास्त झालं तर दाणे निसटतात. डाळ भिजवून, निथळून घ्यावी आणि लागेल तसं चमचा-चमचा गार पाणी घालावं. वड्याची डाळ मुद्दाम भरड ठेवावी, तो खुसखुशीतपणा गुळगुळीत पिठात सापडत नाही.

फूड प्रोसेसरच्या मोठ्या भांड्यातलं पातं मिक्सरहून कितीतरी सावकाश फिरतं. भाजी चिरणं, खोबरं किसणं, कणीक मळणं यांत तो उजवा; मूठभर मसाला मात्र रुंद भांड्यात कडेला पसरतो आणि पात्याला सापडतच नाही. त्यासाठी छोटं चटणीचं भांडंच हवं.

परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकत नाही, हे मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने घरातच पाहिलं आणि 1963 मध्ये सुमीत मिक्सर आणला. सुकं, कडक, रोजचं दळण सोसेल अशी मोटार हे त्याचं खरं बळ होतं. तरीही मोटारीला मर्यादा आहेच. तिला गार करणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की फेरे मंदावतात, पंख्याचा वाराही कमी होतो. त्यात भांडं गच्च भरलेलं असेल तर मोटार झपाट्याने तापते. मिक्सर अचानक बंद पडला तर बटण शून्यावर आणावं, प्लग काढून भांडं निम्मं रिकामं करावं आणि मोटार निवल्यावर तळाचं लाल ओव्हरलोड बटण दाबून पुन्हा सुरू करावा.